घरबसल्या बँकिंग इंटर्नशिप, तीही जळगावच्या उन्हाळ्यात

लंडनच्या टीमचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे १:३०. जळगाव-भुसावळला नेमकी हीच भट्टीची वेळ, वीजही कधी दगा देईल सांगता येत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आधी वाचा, यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा हवा.

खरी फजिती एक्सेलमध्ये, कंपनीच्या पुढच्या वर्षांचे आकडे मांडताना होते. हाताने टाकलेले आकडे निळे, सूत्रं काळी, हा रिवाज पाळाच. सरासरी कर्जावर (वर्षाची सुरुवात आणि शेवट यांच्या सरासरीवर) व्याज काढलं की व्याज, नफा, रोकड, पुन्हा कर्ज असं चक्र बनतं आणि सर्क्युलर रेफरन्सची, म्हणजे सूत्र फिरून स्वतःवरच आल्याची, सूचना येते. व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या कर्जाच्या शिलकीवर काढा, चक्र तुटतं. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळेनात? फरकाला २ ने भागा. ती रक्कम शीटमध्ये सापडली, तर बहुधा तिथलं चिन्ह उलटं पडलंय. सरावाला जैन इरिगेशनचा वार्षिक अहवाल घ्या, आपल्या जळगावचीच कंपनी.