‘पैसे आले का?’ : दुकानदारांच्या पेमेंट अ‍ॅपची पहिली स्क्रीन

संध्याकाळी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या बाजारात गिऱ्हाईक दाटलं की दुकानदाराला फोनकडून एकच उत्तर हवं असतं: पैसे आले का? जुन्या अ‍ॅपमध्ये ते तीन टॅप आत होतं आणि दर्शनी भागात कर्जाच्या जाहिराती. त्या काढून शेवटची ५ पेमेंट उघडताक्षणी दिसतील अशी ठेवली. रक्कम ठळक, खाली वेळ आणि १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांकाचे शेवटचे ४ अंक, म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनशी लगेच ताडता येतं. फिकट राखाडी अक्षरं इथल्या उन्हात दिसतच नाहीत; पांढऱ्यावर काळीच हवीत.

खरा घोळ अडकलेल्या पेमेंटचा. नुसता पिवळा ठिपका पाहून कुणी माल देऊन टाकायचं, कुणी पुन्हा पैसे मागायचं. आता स्पष्ट शब्द आहेत: ‘पैसे आले’, ‘बँकेचं उत्तर बाकी, थांबा’, ‘आले नाहीत’. गिऱ्हाइकाचे पैसे कापले पण दुकानाला पुष्टी आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. पुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही ओळ त्याच स्क्रीनवर घातली. वाद गल्ल्यावर होतो, मदत केंद्रात नाही.

‘पैसे मिळाले’ हा आवाज कधी दोनदा यायचा. फोनकडून संदेशाची पोच न मिळाल्याने सर्व्हर तोच संदेश पुन्हा पाठवतो. आता संदर्भ क्रमांक आधी येऊन गेला असेल तर फोन गप्प राहतो.

भाषेचं बटण सेटिंगमधून काढून वर आणलं. इथे गल्ल्यावर मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडही चालते.