मळणीयंत्रात काड गुंडाळलं की आधी किल्ली खिशात

जूनअखेर पेरलेलं सोयाबीन आता सुडीला, म्हणजे कापून रचलेल्या गंजीला लागलंय. गावात थ्रेशर दोन-तीनच, आज या शिवारात तर उद्या त्या. भाडं पोत्यावर ठरलेलं, वरून परतीच्या पावसाचे ढग. मशीनवाल्याला घाई, मालकाला त्याहून जास्त. यंत्र सुरळीत चालू असतं तेव्हा माणूस जरा जपून असतो. हात जातो तो यंत्र अडकल्यावर, "एक मिनिटात मोकळं करतो" म्हणत.

सुडीच्या बुडाचं काड ओलं राहतं, त्यात हिरवं तण आणि वेल मिसळलेले असतात. सकाळचं दव असेल तर विचारूच नका. हे सगळं यंत्रातल्या फिरत्या ड्रमला दोरीसारखं गुंडाळतं. त्याआधी यंत्र सांगत असतं: ट्रॅक्टरचा आवाज जड होतो, सायलेन्सर काळा धूर टाकतो, पट्टा घसरून रबर जळाल्याचा वास येतो. तेवढ्यात घास, म्हणजे आत काड टाकणं थांबवलं तर बऱ्याचदा ड्रम आपोआप मोकळा होतो. आपल्याकडे मात्र नेमकं उलटं करतात, काड दाबून आत ढकलतात. कुणी तर पायानं ढकलतं.

नाहीच मोकळा झाला, तर पीटीओचा (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या फिरत्या शाफ्टचा) लिव्हर पाडा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढा. ती ड्रायव्हरकडे ठेवू नका. ज्याचा हात आत जाणार, त्याच्याच खिशात असू द्या. इंजिन थांबलं तरी फ्लायव्हीलच्या वजनानं ड्रम बराच वेळ फिरत राहतो आणि बाहेरून तो दिसत नाही. म्हणून बाहेरची पुली डोळ्यांनी थांबलेली दिसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. गुंडाळलेलं काड आकडीनं ओढा, हातानं नको. ड्रम पुलीवरून फिरवायचा असेल तर आत कुणाचा हात नाही ना, हे ओरडून विचारा. धुळीत आणि आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही.

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी किंवा पदर त्यात सापडला तर "अरे" म्हणेपर्यंत माणूस ओढला गेलेला असतो. शाफ्टवरचं कव्हर ग्रीस घालायला एकदा काढलं जातं आणि मग वर्षभर शेडच्या कोपऱ्यात पडून राहतं. आमच्याही शेडमध्ये ते दोन हंगाम होतं, कबूल करतो. ते बसवा. फिरत्या शाफ्टवरून कुणीही ओलांडायचं नाही. घास टाकणाऱ्यानं कडं, घड्याळ काढून ठेवावं, बाया असतील तर पदर घट्ट खोचावा.

भाड्याचं यंत्र आलं की आधी टेपनं माप घ्या. घास टाकायची पन्हळ किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातली निदान 45 सेंटीमीटर वरून झाकलेली हवी, असं भारतीय मानक सांगतं. हात ड्रमपर्यंत पोचू नये म्हणूनच तो हिशेब आहे. पन्हळ आखूड असेल तर ते यंत्र परत पाठवा, मग मळणी दोन दिवस पुढे गेली तरी चालेल.

आता बिघाडाचा खर्च. खंडेनवमीला आपण यंत्र धुतो, हळदीकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी ग्रीसगनही चालवा. अर्धा तास रिकामं चालवून बंद करा आणि बेअरिंगच्या घरावर हाताची उलटी बाजू टेकवून बघा. चटका बसला तर ते बेअरिंग ऐन मळणीत बसणार. पट्ट्यावर आणि बेअरिंगवर छापलेले क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, प्रत्येकी एक नग घरात असू द्या. जोडपट्टे असतील तर एक तुटला तरी दोन्ही बदला, नाहीतर सगळा ताण नव्यावर येतो. शिअर बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कडक बोल्ट घालणारे पुष्कळ आहेत. तो बोल्ट तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर गिअर किंवा शाफ्ट तुटतो, आणि मग खर्च शेकड्यांत राहत नाही.

मळणी दुपारी घ्या. शेंग हलवली की दाणा खुळखुळायला हवा, ओलावा 13-14 टक्क्यांवर आलेला असावा. अशी सुडी अडकतही कमी. गुळीचा, म्हणजे मळून उरलेल्या भुशाचा ढीग सायलेन्सरपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पडू द्या. पाण्याचं एक पिंप भरून ठेवा, बिडी बांधावर.

तरीही हात सापडलाच तर इंजिन बंद करा, यंत्र उलटं फिरवून हात काढायला जाऊ नका. 108 ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा, हळद किंवा माती भरू नका. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते जोडता येणं अवघड होतं.

दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास 2 लाख, एक अवयव गमावल्यास 1 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. सातबारा सोबत न्या.