‘कोण कोणास म्हणाले’ची खोड

तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर वाचनालयात शनिवारचा वाचनगट सुरू केला आणि पहिल्याच दिवशी माझी खोड उघडी पडली. पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, धनगरांच्या वाडीत शिकवायला आलेल्या तरुण मास्तरची कादंबरी. मी विचारलं, "वाडीचा प्रमुख कारभारी मास्तरवर रागावतो, ते चूक की बरोबर?" आठही जण म्हणाले, "चूक." संपलं. चहा यायला अजून पाऊण तास होता.

डी.एड.ला ‘मुक्तोत्तरी प्रश्न’, म्हणजे ज्याचं एकच ठरलेलं उत्तर नसतं असा प्रश्न, हा शब्द पाठ केला होता खरा, पण हाताला वळण ‘कोण कोणास म्हणाले’चंच.

आता मी प्रश्न घरी लिहून काढते आणि आधी स्वतःच सोडवते. उत्तर एका दमात आलं तर त्या प्रश्नावर काट. अडखळले, दोन उत्तरं आपसांत भांडायला लागली, की तो ठेवायचा. कारभाऱ्याच्या रागामागचा, त्याच्या मुलीच्या म्हणजे अंजीच्या चोळीचा प्रसंग आता असा विचारते: "अंजीची चोळी शिवून आणायला मास्तर तयार होतो, तेव्हा गाव काय म्हणेल हे त्याच्या मनात येतं का? कशावरून म्हणता?" हे ‘कशावरून’ हवंच. नाहीतर गप्पा पुस्तकातून उठतात आणि थेट आपापल्या सुनांवर जातात. (ऐकायला मजा येते, पण अर्धा तास जातो.)

"पुस्तक कसं वाटलं?" असं विचारू नका, "छान" म्हणून लोक मोकळे होतात. "का?"सुद्धा जपून. माझ्या तोंडून तो छडीसारखा लागतो, म्हणून मी "असं कुठं जाणवलं?" म्हणते.

विचारलं की गप्प बसायचं. मला हे सगळ्यात जड गेलं. मनात वीस आकडे मोजते. बारा-तेराला कोणीतरी घसा खाकरतंच. आणि पहिल्या उत्तराला "बरोबर" म्हणायचं नाही. बाई "बरोबर" म्हणाल्या की बाकीच्यांची पुस्तकं मिटतात.

कादंबरी १९५५ सालची. शेवटी दुष्काळात गाव रिकामं होतं, मास्तरही निघतो. गेल्या महिन्यात मी विचारलं, "सगळ्यांनी मिळून बांधलेली कुस्तीची तालीम आता कोणाची?" सतरा आकडे झाले. मग एरवी हूं की चूं न करणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "आधी तरी ती कोणाची होती? आमच्यासारखीनं तिथं पाऊल टाकलेलं चाललं असतं?"

माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. तालमीची पानं आम्ही पहिल्यापासून काढली. चहा कधी आला, कळलं नाही.