पूर्व भागात पोरं पाठवायच्या आधी

यंदा परत नववीला 'आपल्या सोलापूरची माणसं' प्रोजेक्ट घेतोय, पोरं गटाने पूर्व भागातल्या विणकर-विडीवाल्यांच्या आणि इतर वस्त्यांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलतात, म्हणून ही यादी. आधी स्वतःसाठी, मग ज्या कुणा सरांना-बाईंना हे करायचंय त्यांच्यासाठी. गेल्या वेळी मी पार माती केली होती.

वही, पेन, पाण्याची बाटली, पालकांची सही, हे सांगायला नको. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. सगळं दिवाळीच्या आत उरका, नंतर गॅदरिंग आणि मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा, पोरं हाती लागत नाहीत. जमलं तर नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला जाऊन या, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर घरांशी ओळखी तिथेच निघतात.

आता गट. इथे थांबा. प्रत्येक गटात त्या घरची भाषा बोलणारं एक तरी पोरगं पाहिजे. मी काय केलं, हजेरी नंबरने पाच-पाचचे गट पाडले, सोपं पडतं म्हणून. एक गट पूर्व भागात एका आजींकडे गेला, आजी तेलुगूच बोलणार, गटात कुणालाच तेलुगू येईना, मग त्यांचा मुलगाच मध्ये बसून सगळी उत्तरं द्यायला लागला. चार्ट एकदम भारी झाला, आजोबा तेलंगणातून कसे आले, घरात माग किती होते, चादरीचं डिझाइन मागाच्या जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या यंत्रावर, कसं चढवतात, सगळं. आणि आजींवर एक ओळ: 'आई घरीच असायची.' प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्या गटातल्या मुलीने सहज मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाली, सर, आजी मागून सारखं सांगतायत की रोज हजार विड्या वळायचे, पानं पण मीच कापायचे, माग बंद पडले तेव्हा घर विड्यांवर चाललं. आमच्याच वर्गात तेलुगू बोलणाऱ्या अकरा पोरी होत्या हो!

तर भाषा. पहिल्याच दिवशी विचारा घरी कोण काय बोलतं. तेलुगू, कन्नड, उर्दू, कैकाडी, सोलापुरात सगळे हात वर होतात. काही पोरं लाजून करत नाहीत, त्यांना मधल्या सुट्टीत एकटं गाठा. मग त्यावरून गट पाडा, हजेरी नंबर विसरा. 'मुलगा मराठीत सांगेल ना' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, मुलगा स्वतःचं सांगतो.

विषयाचं म्हणाल तर सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर अख्खा प्रोजेक्ट देऊ नका, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ची फाशी, सगळं नेटवर तयार मिळतं आणि पोरं कॉपी मारतात. सुरुवातीला मात्र मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं फळ्यावर लिहून विचारा, यांच्या घरी काय काय बोलत असतील? माझा पहिला तास तेवढ्यातच संपला.

सेटलमेंट या वस्तीत जायचं असेल तर आधी स्वतः जा, एकदा नाही, दोनदा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तिथल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, हजेरी द्यायला लावायचे. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन का पाळतात, १९५२ ला त्या कायद्यातून सुटका कशी झाली, हे वर्गात शिकवून मगच पोरं न्या. एखाद्याने दारात उभं राहून 'तुम्ही आधी चोर होता का' विचारलं तर तुमचा प्रोजेक्ट आणि तुमचं तोंड दोन्ही गेलं. त्या वस्तीतलं पोरगं वर्गात असेल तर त्याला नमुना म्हणून पुढे करू नका.

प्रश्न पाचच. 'तुमचा इतिहास सांगा' म्हटलं की माणूस भाषण ठोकतो. 'घरातली सगळ्यात जुनी वस्तू दाखवा' म्हणा, मग कात्री निघते, मिलचा पास निघतो. जुने फोटो घरी आणायचे नाहीत, तिथेच मोबाईलवर काढायचे. विडीवाल्या घरी वेळ विचारून जा, बोलता बोलता हात चालू राहिले तर राहू द्या. म्हाताऱ्या माणसाकडे तोंड करून बसा, मुलाकडे नाही. आणि भाषेवालं पोरगं पुढे, मागे नाही.

रेकॉर्डिंग त्याच आठवड्यात ऐका, पूर्ण, मागचे आवाज पण. लिहून काढताना मूळ शब्द ठेवा. चार्ट, प्रदर्शन, मार्क, ते जमतं सगळ्यांना. प्रदर्शनाला त्या आजींना रिक्षा पाठवा, स्टेपलर दोन ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी गटांची यादी परत काढा. कोणत्या घरी कोणती भाषा, गटात कोणाला येते. नाव लिहा समोर.