नवीन माणूस आला की डेस्कटॉप आपोआप तयार व्हायला हवा

विंडोज ३६५ एंटरप्राइज (मायक्रोसॉफ्टचा क्लाउडवर चालणारा डेस्कटॉप, म्हणजे क्लाउड पीसी) वापरताय आणि तरी नवीन माणूस आला की कुणीतरी हाताने लायसन लावतंय, मग पॉलिसी लावतंय, असं चालू असेल तर थांबा. एन्ट्रा आयडीत (यूजर आणि ग्रुप सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) एकच ग्रुप करा, लायसन त्या ग्रुपला द्या आणि इंट्यूनमधली (डिव्हाइस सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) प्रोव्हिजनिंग पॉलिसीपण (क्लाउड पीसी कसा तयार करायचा ते ठरवणारी) त्याच ग्रुपला लावा, म्हणजे माणूस ग्रुपात टाकला की साधारण तासाभरात त्याचा क्लाउड पीसी तयार, तोवर तो चहा पिऊन येतो. ग्रुप डायनॅमिक ठेवलात, म्हणजे डिपार्टमेंट बघून आपोआप भरणारा, तर एचआरने नीट नोंद केली की आपलं कामच नाही (एचआर नीट नोंद करतं का, तो वेगळा विषय!).

आता सेल्फ-सर्व्हिस, म्हणजे यूजरने स्वतःच करायची कामं. इंट्यूनमध्ये यूजर सेटिंग्जमध्ये रिस्टोअरची (पीसी आधीच्या स्थितीला परत नेण्याची) परवानगी देऊन टाका, रिस्टोअर पॉइंट दर ४ तासांनीपण घेता येतो. रीस्टार्ट तर यूजर स्वतः करतोच, "सर, हँग झालंय" वाले निम्मे फोन तिथेच बंद होतात. पण रीसेटची परवानगी सरसकट देऊ नका, कारण त्यात विंडोज नव्याने बसतं आणि फाइल्स, अ‍ॅप्स सगळं जातं. आमच्याकडे एकाने रीस्टार्ट समजून तेच दाबलं, फाइल्स वनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचला.

आणि हो, कुणाला ग्रुपातून काढलं तर ७ दिवसांचा ग्रेस पिरियड (क्लाउड पीसी जाण्याआधीची मुदत) मिळतो, चुकून काढलं असेल तर तेवढ्यात परत टाका.