पावसाळ्यात ठाणबंद घोडा : चंदीच्या आधी वैरण

जूनच्या मध्यावर नेरळ–माथेरान गाडी पावसाळ्यापुरती थांबते, डोंगरावरची गर्दी ओसरते आणि उन्हाळाभर पाठीवर माणसे वाहिलेले घोडे ठाणाला बांधले जातात. महाबळेश्वर-पाचगणीतही थोड्याफार फरकाने तेच. मे महिन्यात बरगड्या दिसू लागलेल्या जनावराचे अंग भरून काढायला एवढेच चार महिने हाती असतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी काम बंद होताच चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दुप्पट केली जाते. कळकळीने सांगतो, हे करू नका. उभ्या घोड्याचे अंग भरते ते वैरणीवर. चंदीने त्याला हातभार लावायचा असतो.

घोड्याचे जठर लहान, आणि तो खात असो वा नसो, त्यात आम्ल सतत पाझरत असते. पोटात वैरण नसली की हेच आम्ल जठराला जखमा करते. पुढे मोठ्या आतड्यात वैरण आंबवून तिच्यातून ताकद काढणारे जिवाणू असतात. एका वेळी खूप दाणा पडला, तर दाण्यातले न पचलेले पीठ (स्टार्च) या जिवाणूंपर्यंत पोचते, आतडे आंबट होते आणि पोटशूळ उठतो किंवा खुरांना आतून सूज येते. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून आत गेलेली चूक परत येत नाही.

चंदीचे माप ठरवण्याआधी घोडा कशामुळे वाळला, ते शोधा. दाढांना धारदार टोके आली असतील तर घोडा घास चघळून गोळा करून टाकतो, लिदीत अख्खे दाणे दिसतात. दाढा घासून घेतल्याशिवाय कितीही घाला, अंगी लागणार नाही. लीद तपासून जंतांचे औषध द्या. आणि खातो नीट, तरी वाळतो, मधूनच ताप येतो, पायांवर-पोटाखाली सूज चढते, असे असेल तर रक्त तपासून घ्या. सर्रा हा रोग चावऱ्या घोडमाश्यांमुळे पसरतो आणि पावसाळा हाच त्यांचा काळ. इथे खुराकाने काही होणार नाही, डॉक्टरच लागेल.

आता वजन. काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १५० आली तर वजन सुमारे २८४ किलो. दर पंधरा दिवसांनी एकाच माणसाने, सकाळी, वैरणीआधी मोजून भिंतीवर लिहावे. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना फरक कळत नाही.

या वजनाच्या घोड्याला दिवसाला सहा ते सात किलो सुकी वैरण हवी, म्हणजे अंगाच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के. दीड टक्क्याच्या खाली कधीच जाऊ नका. त्यातले साडेचार-पाच किलो चांगले वाळलेले गवत आणि दीड किलो वाळवलेला लसूणघास (ल्युसर्न). रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवा, कारण संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत रिकाम्या गव्हाणीसमोर उभा राहणारा घोडा लाकूड चावायला लागतो. पावसाळी हिरवे गवत ढीगभर दिसते, पण त्यात बहुतेक पाणीच. दहा किलो ओल्या गवतात सुके दोन किलोच्या आसपास भरते. ते जरूर द्या, पण सुक्या वैरणीच्या जागी नको, आणि दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. कोवळी हिरवी ज्वारी मात्र टाळा. गवत कापून आणणाऱ्याला कण्हेर ओळखता आली पाहिजे. तिची थोडी पानेही घोड्याचा जीव घेतात.

चंदी दिवसाला एक किलोपर्यंत, तीन वेळांत वाटून: निम्मा जव भरडून किंवा शिजवून, निम्मे भिजवलेले हरभरे. हरभरे सहा-आठ तास भिजवून त्याच दिवशी संपवा, पावसाळ्यात ते लगेच आंबतात. तोबऱ्यातला उरलेला दाणा पुन्हा वापरू नका. आणखी ताकद हवी तर दाणा वाढवण्याऐवजी तेल घाला. त्याच वजनात तेल दाण्याच्या दुपटीहून जास्त शक्ती देते आणि त्यात पीठ नसल्याने आतडे आंबत नाही. पहिल्या आठवड्यात रोज ३० मिलि सोयाबीन किंवा शेंगदाण्याचे तेल, मग दोन-तीन आठवड्यांत १०० ते १५० मिलिपर्यंत. लीद पातळ झाली तर एक पायरी मागे या. मीठ २५–३० ग्रॅम रोज, आणि पाणी सतत समोर. हवा गार म्हणून घोडा पाणी कमी पितो आणि सुकी वैरण आतड्यात अडकते. हाडे बाहेर आलेल्या, अगदी खंगलेल्या घोड्याला हे माप पहिल्या दिवसापासून लावू नका. त्याला सुरुवातीला फक्त लसूणघास, थोडा थोडा, दिवसातून सहा-सात वेळा, आणि तोही डॉक्टरच्या नजरेखाली.

कोंड्याबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण आजारी घोड्याला गव्हाच्या कोंड्याची गरम पेज हा आपल्याकडचा जुना माया लावण्याचा प्रकार आहे. कधीतरी दिली तर हरकत नाही. रोज टोपलीभर कोंडा मात्र हाडे पोखरतो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि घोड्याला हवे उलटे, फॉस्फरसच्या दीड-दोन पट कॅल्शियम. ते मिळाले नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. आधी आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडणे. मग जबडा आणि नाकाकडची हाडे फुगतात, दात हलतात. हत्तीगवतातले ऑक्झलेटही कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून हत्तीगवत आणि कोंडा ही जोडी सर्वांत वाईट. कोंड्याचा वापर मूठ-दोन मुठींवर आणा, लसूणघास चुकवू नका, आणि डॉक्टरने सांगितले तर खाद्यासाठीची चुनखडीची भुकटी द्या. पानाचा चुना चालत नाही.

शेजारच्या गोठ्यातले तयार पशुखाद्य स्वस्त पडते म्हणून घोड्यापुढे ठेवू नका. गाईच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते. गाय ते पचवते, घोड्याचे हृदय बंद पडते. सरकी पेंडही नको. बुरशी लागलेला मका तर घोड्याचा मेंदू सडवतो, त्यामुळे वास आला की पोते बाहेर. वैरण फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. गंजीत हात घालून ऊब लागली किंवा धूळ उडाली तर तो भाग फेकून द्या. घोडा खोकायला लागेपर्यंत थांबू नका.

हा सगळा खुराक नीट बसला तरी अंग हळूच भरते. शरीरस्थितीची १ (अगदी खंगलेला) ते ९ (फार लठ्ठ) अशी जी पट्टी १९८३ पासून वापरात आहे, तिच्यावर एक अंक वर चढायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे पाऊस संपेपर्यंत तीनचा घोडा साडेचारवर आला तर उत्तम झाले. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. मानेवर चरबीची कड उठली तर लगेच तेल आणि चंदी कमी करा.

पायाला मार लागून बांधलेला नसेल तर रोज दोनदा पंधरा मिनिटे हाताने फिरवा, खरारा करा, खुरांचा तळ कोरडा करा. खुर गरम लागला, घोडा मागच्या पायांवर भार टाकून उभा राहू लागला, तर चंदी त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरला फोन.

ऑक्टोबरमध्ये काम सुरू करताना आधी काम वाढवा, दाणा त्यानंतर. भरपूर चंदी खाऊन आरामात असलेला घोडा एकदम जुंपला तर पुठ्ठे लाकडासारखे घट्ट होतात आणि लघवी काळपट तांबडी येते. असे झाले तर त्याला एक पाऊलही चालवू नका, जिथे आहे तिथेच उभा ठेवा. दिवाळीची गर्दी येण्याच्या तीन आठवडे आधी नालबंदाला बोलवा, आणि पहिला आठवडा खोगीर न चढवता नुसते चालवा.