हेड न उतरवता ट्रकचे टॅपेट कसे बदलायचे

इंजिन थंड असताना टकटक, गरम झाल्यावरही टकटक, आणि टॅपेट सेटिंग करून आठ दिवसांत पुन्हा तोच आवाज. असं असेल तर सेटिंगवर आणखी पैसे घालू नका. टॅपेट कॅमच्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, म्हणजे लोबवर, टेकतो आणि वरचा व्हॉल्व्ह उघडायला लावतो. एकाच व्हॉल्व्हचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, पुन्हा पुन्हा वाढतोय म्हणजे टॅपेटचं तोंड किंवा कॅमचा लोब झिजतोय. जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. चकचकीत कण दिसले तर गाडी लोड घेऊन घाटात पाठवू नका.

कळंबोली-तळोज्याकडे कंटेनरच्या गाड्यांत हे मला बरंच दिसतं. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत इंजिन तासन्‌तास आयडलवर चालतं. किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र जुनं होत जातं, आणि मालक मीटर बघूनच ऑइल बदलतो. त्यामुळे नुसते टॅपेट बदलून भागत नाही. कॅम आणि ऑइल दोन्ही सोबत बघावं लागतं.

खालची पद्धत कमिन्सच्या ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्हच्या सिक्स-बीटी इंजिनची आहे. टाटाच्या अनेक ट्रकमध्ये हे इंजिन आहे. याचे टॅपेट उलट्या धरलेल्या अळंबीसारखे असतात, रुंद टोपी खाली आणि दांडा वर. टोपी भोकातून वर येत नाही, म्हणून कॅम काढून ते खालूनच बाहेर घ्यावे लागतात. हेडला मात्र हात लावावा लागत नाही.

आधी इंजिन धुऊन घ्या. पावसाळ्यात चिखल इतका बसलेला असतो की कव्हर उघडताच माती आत जाते. बॅटरीची वायर काढा. कॅबिन टिल्ट होत असेल तर लॉक बसल्याची खात्री केल्याशिवाय खाली डोकं घालू नका. कूलंट काढून रेडिएटर, इंटरकूलर, फॅन, बेल्ट, क्रँकची पुली आणि पुढचं गिअर कव्हर उतरवा. कॅमवर चालणारा, टाकीतून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप ब्लॉकला असेल तर तोही काढा. मग व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणारे दांडे, म्हणजे पुशरॉड, काढा. खोक्याच्या पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून नंबर लिहा आणि ज्याचा पुशरॉड त्याच्याच भोकात उभा करा.

आता कॅम बाहेर येईपर्यंत टॅपेट वर धरून ठेवायचे. पुशरॉडच्या भोकांतून टॅपेटमध्ये घट्ट बसतील अशा लाकडी काड्या घाला, टॅपेट वर ओढा आणि दोन-दोन काड्या रबराने एकमेकींना बांधा. रबर नवं घ्या. माझ्याकडून एकदा वाळलेलं रबर वापरलं गेलं, ते तुटलं आणि टॅपेट थेट चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, पडला. एका रबरापायी रात्री चेंबर उतरवावा लागला.

क्रँक फिरवून क्रँक गिअर आणि कॅम गिअरच्या खुणा जुळवा. डिझेल पंपाच्या गिअरवरची खूणही बघून ठेवा. कॅम गिअरच्या भोकांतून कॅमला जागेवर धरणाऱ्या थ्रस्ट प्लेटचे दोन बोल्ट काढा आणि कॅम हळूहळू फिरवत सरळ बाहेर घ्या. तो तिरका झाला तर लोब बुशला ओरखडे पाडतात.

कॅमच्या जागी लांबीत अर्धी चिरलेली पाइपची पन्हळ सरकवा, तोंड वर ठेवून. एकच काडी सोडा, टॅपेट पन्हळीत पडेल. पन्हळ हलवून तो आडवा करा आणि बाहेर काढा. एका वेळी एकच. नवा बसवताना पुशरॉडच्या भोकातून बारीक तार खाली सोडा, पन्हळीतून पुढे आणा, टॅपेटला अडकवा आणि वरून ओढा. तो बसला की पन्हळ अर्धी फिरवा म्हणजे खाली पडणार नाही. मग काडी लावून बांधा.

काढलेला टॅपेट डिझेलने धुऊन ट्यूबलाइटखाली धरा. चांगल्या टॅपेटचं तोंड गुळगुळीत, किंचित फुगीर असतं. खराब झालेल्यावर टाकी लावलेल्या पाट्यासारखे खड्डे दिसतात, नख अडकतं. तो ज्या लोबवर चालतो त्यावर तसेच खड्डे असतील तर कॅमही नवाच घाला. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच बसवू नका. जुने परत वापरायचे असतील तर ज्याच्या त्याच्या जागी.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या तोंडाला असेंब्ली ल्यूब भरपूर लावा. तिन्ही खुणा दोनदा तपासा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा.

गॅप थंड इंजिनवर इनलेटला ०.२५ मिमी, एक्झॉस्टला ०.५१ मिमी. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणून १ चे दोन्ही, २ आणि ४ चा इनलेट, ३ आणि ५ चा एक्झॉस्ट सेट करा. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून उरलेले सहा.

नवं ऑइल, नवा फिल्टर आणि कूलंट भरा. डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारा. स्टार्ट झाल्यावर लगेच आयडलवर सोडू नका, पंधरा-वीस मिनिटं १५०० आरपीएमच्या आसपास चालवा. पुण्याची एक फेरी झाली की इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, बाराही गॅप पुन्हा मोजा, ऑइल आणि फिल्टर बदला, आणि काढलेला फिल्टर कापून कागद बघा.